दादांचा झोका आणि माझी सही

नियम मीच केला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर वाटेल, बाई लपवत होती.

मी वसईच्या कोर्टात कारकून होते. कागदाशिवाय माणूस श्वाससुद्धा घेतो यावर माझा पटकन विश्वास बसत नसे. त्यामुळे आमच्या गिर्यारोहण मंडळात कागदपत्रांचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मंडळ म्हणजे आम्ही पंधरा-वीस जण, आणि आमचा म्होरक्या गोखिवऱ्याचा. त्याचं तिथे छोटं वर्कशॉप होतं, बोलणं मोजकं आणि हात पक्का. रविवारी गोखिवऱ्यामागच्या एका बंद पडलेल्या खदानीत आम्ही दोरावरून चढ-उताराचा सराव करायचो, आणि वर्षातून एकदा, थंडीत, पुलावर जायचो.

तो पूल जव्हारच्याही पलीकडे. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, खाली खोल घळीत नदी आणि मधे दगडी कमानीचा जुना पूल. शेजारी नवा पूल झाला होता, त्यामुळे जुन्यावरून शेळ्या आणि आम्ही सोडलं तर कुणी जात नसे. आमचा खेळ साधा होता. दोर पुलाच्या एका कठड्याला बांधायचा, कमानीखालून फिरवून दुसऱ्या कठड्यावर आणायचा आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यांना अडकवायचा. त्याने उडी मारली की तो आधी दगडासारखा खाली जायचा, मग दोर ताणला जायचा आणि कमानीखालून पार पलीकडे झोका निघायचा. झोका थांबला की वरून हळूहळू खाली सोडायचं. नदीकाठच्या खडकावर पाय टेकले की पायवाटेने धापा टाकत वर.

कोर्टातले लोक विचारायचे, टीव्हीवर दाखवतात ते बंजी का हो? मी म्हणायची, नाही, त्यात रबराचा दोर असतो आणि माणूस उलटा लटकतो, आमचा झोका आहे. पण मनातून ते विचारणं मला आवडायचं. टायपिस्ट बायका मला घाबरून असायच्या. उडी मारणारी बाई म्हणून वसईच्या कोर्टात माझी थोडी पत होती, आणि मी ती जपून वापरत होते.

आता दादांबद्दल. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. आमची वाडी अर्नाळ्याच्या वाटेवर, केळी, नारळ, पानवेली आणि सगळ्यात जास्त सुपारी. सुपारी काढायला माणूस झाडावर चढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण चढलेला माणूस दर झाडाला खाली उतरत नाही, हे वाडीबाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दादा एकदा सकाळी चढले की वरच्या वर फिरायचे. पायात काथ्याचा वेढा, कमरेला कोयता. एका झाडाचा घड उतरवून झाला की ते तेच झाड अंगाच्या वजनाने हलवायला लागायचे. बारीक, उंच झाड, ते झुलायला लागायचं. झुलत झुलत ते पुढच्या झाडाजवळ गेलं की दादा हात टाकायचे, आणि पुढच्याच क्षणाला ते दुसऱ्या झाडावर असायचे. रिकामं झालेलं झाड मागे थरथरत राहायचं. खाली आम्ही घड गोळा करायचो आणि माना वर करून दुखवून घ्यायचो. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. कधी पडले नाहीत, कधी त्याचं कौतुकही करून घेतलं नाही.

मी पहिल्यांदा पुलावर जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांची सही लागत होती. तोही कागद मीच लिहिलेला. आईने आकाशपाताळ एक केलं. लग्न व्हायचंय अजून, हातपाय मोडले तर कोण करणार, बायकांच्या जातीला हे काय सुचतंय, सगळं झालं. दादा ओटीवर पानांची चवड लावत होते. त्यांनी हात पुसले आणि कागद मागितला. मी म्हटलं, आधी वाचा तरी, जिवाला धोका आहे असं स्पष्ट लिहिलंय त्यात. ते म्हणाले, ‘‘अक्षर तुझं आहे ना? मग वाचायचं काय.’’

आणि सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर वेगळं. मग परत पानं लावायला लागले.

दादांची बोली आमच्या वाडीची. तिच्यात हे बोलणं किती वेगळं वाजतं ते मला इथे उतरवता येत नाही, कारण कोर्टात लागल्यापासून मी ती बोलायची सोडली होती. ऐकायला यायची, तोंडातून निघायची नाही. बाहेर कुणासमोर दादा त्या बोलीत बोलायला लागले की माझे कान गरम व्हायचे. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते खरं.

तर तो नियम. एका सभासदाचे मामा हौसेने उडी मारून आले आणि खाली उतरल्यावर अर्धा तास बोललेच नाहीत. नुसते नदीकडे बघत बसले. आमची पाचावर धारण बसली. पुढच्या सभेत मी प्रस्ताव मांडला की पन्नाशीच्या वरच्या माणसाने डॉक्टरची चिठ्ठी आणावी आणि मुलाची किंवा मुलीची सही आणावी. लहानपणी मुलांना आईबापांची सही लागते, पन्नाशीनंतर आईबापांना मुलांची लागते, असंही मी ऐटीत म्हणून घेतलं. टाळ्या पडल्या. दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते, आणि हा नियम कधी माझ्याच दारात येऊन उभा राहील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नियम झाल्यावर दुसऱ्या वर्षी दादा म्हणाले, मीही येतो बघायला. मी टाळायचा प्रयत्न केला. पहाटे उठावं लागेल म्हटलं. ते म्हणाले, मी रोज कधी उठतो? टेम्पोत ते म्होरक्याशेजारी बसले, अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, हातात घरच्या केळ्यांचा घड. पालघरच्या पुढे जाईपर्यंत त्यांनी सगळ्यांना केळी वाटून संपवली होती आणि मी सहा वर्षांची असताना सुपारीच्या झाडावर अर्ध्यात अडकून कशी भोकाड पसरून रडले होते ते सांगून झालं होतं. तेही आमच्या बोलीत. सगळे हसले. मीही हसले, दात दाखवून.

पुलावर गेल्यावर ते कठड्याशी उभे राहिले. खाली वाकून बघितलं. मग दोर जिथे दगडाच्या कडेवरून खाली उतरत होता तिथे बोट फिरवलं आणि म्होरक्याला म्हणाले, इथे दोर घासतोय, दहा माणसं झाली की अकराव्याला बोंब होईल. त्यांनी टेम्पोतून केळ्यांखालचं गोणपाट आणलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि दोराखाली सारल्या. आम्ही तिथे टायरचा तुकडा ठेवला होता, तो सरकून बाजूला गेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्होरक्याने त्या गोणपाटाकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि दादांना हात जोडले. आमचा म्होरक्या देवळातसुद्धा हात जोडत नसे.

मला काय वाटायला हवं होतं? अभिमान. मला राग आला. इतकी वर्षं मी दोर, गाठी, पट्टे शिकले, वह्या भरून टिपणं काढली आणि चौथी शिकलेला माणूस एका बोटाने सगळ्यांचा गुरू झाला. पूल माझा, पुलावरची पत माझी, ती जागा माझी होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे त्यांच्याभोवती बसले होते आणि ते झाड कसं झुलवायचं ते हातवारे करून दाखवत होते.

निघायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आणला, काहीतरी चोरून मागावं तसा. म्हणाले, ‘‘बाय, मलाही एक झोका घ्यायचाय.’’

दादांनी माझ्याकडे आयुष्यात तोपर्यंत काही मागितलं नव्हतं. पगारातलं नाही, वेळेतलं नाही. मी म्हटलं, दादा, नियम आहे, डॉक्टरची चिठ्ठी लागते. ते म्हणाले, हां, नियम असेल तर बरोबर. वर्षभर थांबू.

वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मला वाटलं, विसरले. पण थंडी लागली तशी त्यांच्या कपाटात कागदाची घडी दिसली. वसईतल्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी रक्तदाब तपासून घेतला होता. एकदा तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, कशासाठी हवी चिठ्ठी? झोका घेण्यासाठी म्हटल्यावर डॉक्टरांनी पुन्हा आठवड्याने बोलावलं. दादा पुन्हा गेले. बाजारातून कॅनव्हासचे बूट आणि एक पूर्ण पँट आणली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी बूट घेतले होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, जाऊ दे गं, माझं अर्धं आयुष्य ह्या माणसाचे तळवे बघण्यात गेलंय, एक झोका जास्त. म्हणजे आईचीसुद्धा हरकत नव्हती. हरकत घ्यायला उरले ती मी एकटी.

तिसऱ्या वर्षी पुलावर माझ्याबरोबर कोर्टातले तिघे आले होते, बघायला. दोन टायपिस्ट आणि एक तरुण वकील. त्यातल्या एकीने टेम्पोत दादांच्या बोलीतलं एक वाक्य त्यांच्याच समोर म्हणून दाखवलं. दुष्टपणे नाही, गंमत म्हणून. दादांनी खूश होऊन तिचा उच्चार सुधारून दिला. माझा मात्र चेहरा उतरला तो उतरलाच.

म्होरक्याने दादांना पहिला नंबर दिला. पट्टे चढवले, गाठ तपासली. गाठ नेहमी दुसऱ्या माणसाने तपासायची हा आमचा रिवाज, आणि दादांनी स्वतःही ती एकदा ओढून बघितली. हेल्मेट घातलं. नव्या पँटीवर पट्टे, पायात पांढरे बूट, आणि चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा तसा नाही. गोणपाट त्यांनी स्वतःच घडी घालून दोराखाली ठेवलं होतं. मग म्होरक्या माझ्याकडे वळून म्हणाला, कागद दे, तुझी सही राहिलीय.

कागद माझ्या पिशवीत होता. डॉक्टरची चिठ्ठी त्याला टाचणी लावून जोडलेली. नाव, वय, पत्ता सगळं दादांनी स्वतः भरलेलं. ‘पूर्वीचा अनुभव’ असा एक रकाना मीच ठेवला होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘घरची वाडी’. पेन माझ्या हातात होतं. कोर्टातले तिघे बघत होते. टेम्पोतली ती टायपिस्ट हसत होती, आणि मला वाटलं ती दादांच्या पांढऱ्या बुटांना हसतेय. कदाचित नसेलही. पुढे मी तिला कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, ‘‘माझी सही मिळणार नाही, दादा.’’

कोर्टात तारीख पडल्याचं सांगावं त्या आवाजात. शुद्ध भाषेत. म्होरक्या म्हणाला, अगं चिठ्ठी आहे, तब्येत ठणठणीत आहे, मी स्वतः दोर धरतो. मी म्हटलं, नियम नियम आहे, मुलीची संमती नाही. खालून वर चढून यायचंय, वय आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. माझ्या तोंडातून भराभर कारणं निघत होती आणि एकही खोटं नव्हतं. तीच तर गोम होती. काळजीचं कारण पुढे केलं की माणसाला कुणी बोलू शकत नाही.

दादांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं चिडतील, त्यांना राग यायचा, वाडीत गडी टरकून असायचे. पण त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट म्होरक्याच्या हातात दिलं आणि कमरेचे पट्टे एकेक करून काढले. घाई केली नाही. मग ते कठड्याशी खाली बसले आणि गोणपाटावर हात ठेवला. दोर ताणला की गोणपाट किंचित सरकायचं, ते सरकू नये म्हणून धरून बसले. दिवसभर. चौदा जणांनी उड्या मारल्या त्या दिवशी, वकिलासकट. त्याच्या घरच्यांची सही त्याने आदल्या दिवशी आणून दिली होती, मीच ती फाइलला लावली होती.

आणि मीही मारली. न मारली असती तर आज थोडं बरं वाटलं असतं. मी कठड्यावर चढले तेव्हा दादा माझ्या मागे, दोर बांधलेल्या पलीकडच्या कठड्याशी बसलेले होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, गाठ बघितलीस ना. मी मान हलवली आणि उडी टाकली. कमानीखालून वारा कानात शिरला, पलीकडे आकाश, पुन्हा कमान, पुन्हा आकाश. सगळं दर वर्षीसारखंच. झोका मंदावला तसं मी वर बघितलं तर कठड्यावर दोर दिसत होता, आणि दोराशेजारी दादांचा हात.

परतताना मी टेम्पोत म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ते म्हणाले, बघू. पुढच्या वर्षी पावसाळ्यात नदीला पूर आला आणि जुन्या पुलाची मधली कमान गेली. त्यानंतर तिथे कुणाला पाऊल ठेवू देत नव्हते. म्होरक्याने नवी जागा शोधण्याचं बरंच मनावर घेतलं, पण त्याचं वर्कशॉप वाढलं, बाकीच्यांची लग्नं झाली, माझंही झालं, आणि मंडळ आपोआप मोडलं. कॅनव्हासचे बूट दादांनी वाडीत पाणी सोडताना वापरून संपवले. पुलाचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही. मी दोनदा काढायला गेले. दोन्ही वेळा ओठावर आलेलं गिळलं, आणि काहीतरी केळ्यांच्या भावाबद्दल विचारलं.

झाडावर चढणं मात्र त्यांनी मी सही नाकारली त्या वर्षीच सोडलं. आई म्हणायची, गुडघे धरलेत. असतीलही धरले. मला विचाराल तर आपण म्हातारे झालो हे त्यांना गुडघ्यांनी नाही, मी सांगितलं, चारचौघांत, शुद्ध मराठीत.

सत्तरी ओलांडल्यावर दादा पडले. चाळीस वर्षं झाडावरून न पडलेला माणूस माझ्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, ओल्या लादीवर पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच ऑपरेशन, वयामुळे धोका आहे, नातेवाइकाची सही लागेल. सकाळी दादांना स्ट्रेचरवर घेतलं आणि नर्सने कागद माझ्यासमोर धरला. दोन पानं, बारीक अक्षर. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, की वाचल्याशिवाय सही करू नका. मी पेन घेतलं आणि खाली जिथे फुली केली होती तिथे सही करून कागद परत दिला. नर्स म्हणाली, वाचलंत ना? मी म्हटलं, हो.

दादा स्ट्रेचरवरून बघत होते. त्यांचा हात चादरीबाहेर होता, काथ्याने घट्टे पडलेला. मी तो धरला. ते म्हणाले, ‘‘ही लगेच केलीस, बाय.’’

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी झेलला असता, मी तोंडाची तिखट आहे, उत्तर दिलं असतं. त्यांनी नुसतं बघितलं ते सांगितलं, दोर घासतोय असं सांगावं तसं. कोर्टात लागल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडात आमची बोली आली. दादा, चुकलं माझं, एवढंच त्या बोलीत म्हणायचं होतं. पण तेवढ्यात वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं आणि दार बंद झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. दादा त्यानंतर चार वर्षं काठी घेऊन फिरले, वाडीत जाऊन झाडांकडे मान वर करून बघत बसायचे. चार वर्षं म्हणजे काय थोडा वेळ असतो? पण ते वाक्य मी त्यांना म्हटलं नाही.